दार कोणी लावायचे? एका विलायती लोकलगाडीची हकिकत



मुंबईची लोकल सुटताना शेवटच्या डब्यातला गार्ड घंटीचे दोन ठोके देतो. ते पुढे मोटरमनला ऐकू जातात, आणि मग गाडी हलते. आपल्यापैकी अनेकांनी आयुष्यात हजारो वेळा त्या गाडीतून प्रवास केला असेल. पण त्या दोन ठोक्यांकडे कोणी फारसे लक्ष दिले नसेल. गाडी मोटरमन चालवतो, पण गाडी सोडतो तो गार्ड. २०२२ साली रेल्वेने या गार्डाचे नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ असे केले. नाव वाढले, काम तेच राहिले.

ज्या देशातून आगगाडी आपल्याकडे आली, त्या इंग्लंडात हे दोन ठोके बंद करायचे की नाही, या एका प्रश्नावरून नव्या कोऱ्या विजेच्या गाड्यांचा एक ताफा कित्येक महिने साइडिंगात उभा राहिला. रूळ तयार, वीज तयार, गाड्या तयार, उतारू तयार. आणि गाडी सुटत नाही. त्या गाड्यांना तिकडे ‘क्लास ३१७’ म्हणतात. आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे ती त्या गाडीची हकिकत.

प्रारंभीच सांगून टाकतो की मी इंजिनिअर नव्हे. माझी शाळा १९८२ साली सुटली, कारण त्या वर्षीच्या १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या घरात पगार यायचा बंद झाला. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, जुन्या करारांच्या फायली चाळत आणि रात्री शब्दकोश मांडीवर घेऊन. विलायतेतल्या रेल्वे कामगारांचा इतिहास वाचताना मला एक तारीख सापडली आणि मी थबकलो. आमच्या संपाच्या अवघे पाच दिवस आधी, १३ जानेवारी १९८२ रोजी, तिकडचे इंजिनचालक संपावर गेले होते. दोन्ही भांडणांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण तेव्हापासून त्या भांडणाकडे मी परक्याचे म्हणून पाहू शकलो नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. लंडनच्या उत्तरेस बेडफर्ड नावाचे गाव आहे. तेथून लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकापर्यंत सुमारे ऐंशी किलोमीटरचा मार्ग आहे. म्हणजे आपल्याकडे बोरीबंदरहून निघून बदलापूर ओलांडावे आणि नेरळच्या थोडे अलीकडे उतरावे, तेवढा. वाटेत एकेकाळी मोटारींच्या कारखान्याचे आणि त्याआधी टोप्यांच्या धंद्याचे गाव असलेले ल्यूटन लागते, सेंट ऑल्बन्स लागते. सकाळी लंडनात कामाला जायचे आणि संध्याकाळी परतायचे, असे या मार्गाचे उतारू. बेडफर्डमधले ‘बेड’ आणि पँक्रसमधले ‘पॅन’ घेऊन लोकांनी या मार्गाला ‘बेडपॅन’ असे नाव ठेवले. ज्यांनी इस्पितळात चार दिवस काढले आहेत त्यांना यातला विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

या मार्गावर १९५९–६० पर्यंत वाफेची इंजिने होती. नंतर डिझेलच्या चार डब्यांच्या गाड्या आल्या. त्यांची दारे कशी होती हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळे रामायण दारापासूनच सुरू होते. त्या जुन्या ब्रिटिश लोकलींना बाकांच्या जवळजवळ प्रत्येक ओळीला एक स्वतंत्र दार असे. ते बाहेर उघडे, आणि आदळून लावावे लागे. उतरणारा माणूस खिडकीची काच खाली करी, हात बाहेर काढी आणि बाहेरचा दांडा फिरवी. गाडी थांबायच्या आतच घाईचे लोक दारे उघडून उड्या मारीत. एका गाडीला अशी कितीतरी दारे. त्यांतले एक जरी उघडे राहिले तरी फलाटावरच्या माणसाला त्याचा तडाखा बसायचा. म्हणून फलाटावरचा पोर्टर आणि गाडीतला गार्ड या दोघांनी नजर फिरवल्याखेरीज गाडी सोडता येत नसे. गार्ड तिथे शोभेला नव्हता. तो नसता तर गाडी सुटलीच नसती.

दार हा केवढा जिवाचा विषय आहे हे आपल्याला सांगायला नको. आपल्या साध्या लोकलींना दार असून नसल्यासारखे. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ दाराशी लोंबकळणारी माणसे रुळांवर पडून मेली, तेव्हा आपोआप लागणाऱ्या दारांची चर्चा आपल्याकडे पुन्हा सुरू झाली. तिकडे ती चर्चा अर्ध्या शतकापूर्वी झाली. पण वेगळ्या अंगाने. दारे लागावीत याबद्दल तिकडे कोणाचाच वाद नव्हता. ती कोणी लावायची, यावर वाद होता.

सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात या मार्गाचे विद्युतीकरण करायचे ठरले. येथे विजेबद्दल दोन शब्द सांगतो. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी जी पहिली विजेची लोकल बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, ती १५०० व्होल्टच्या एकदिशा प्रवाहावर. लंडनहून पूर्वेकडे शेनफील्डला जाणाऱ्या मार्गावर १९४९ साली त्याच दाबाची वीज घेतली गेली. लंडनच्या दक्षिणेकडे तर वरची तारच नाही. जमिनीवर तिसरा रूळ टाकून त्यातून वीज देतात. परंतु दाब कमी असला की प्रवाह जास्त लागतो, प्रवाह जास्त म्हणजे तार जाड, आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रे. म्हणून १९५६ साली ब्रिटिश रेल्वेने २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचा निर्णय घेतला. तार बारीक, उपकेंद्रे दूर दूर. आपणही पुढे तोच मार्ग धरला. मात्र मुंबईतला १५०० व्होल्टचा शेवटचा तुकडा, हार्बर मार्ग, बदलायला २०१६ साल उजाडले. बेडपॅन मार्गावर अर्थातच २५,००० व्होल्ट आले.

या मार्गासाठी १९८१–८२ मध्ये चार डब्यांचे ४८ संच बांधले गेले. हाच क्लास ३१७. डब्याचा सांगाडा त्या काळच्या लांब पल्ल्याच्या ‘मार्क थ्री’ डब्याच्या धर्तीवर, जोडकाम केलेल्या पोलादाचा. टक्कर झाली तरी सहसा चेपत नाही अशी त्याची ख्याती. चार डब्यांपैकी आतला एक डबा मोटारीचा. तार चाटणारा पँटोग्राफ त्याच्याच टपावर, आणि त्याच्याच चार आसांवर चार मोटारी, प्रत्येकी सुमारे अडीचशे किलोवॅटच्या. बाकीचे तीन डबे नुसते ओढले जाणारे. वेग ताशी १०० मैलांपर्यंत, म्हणजे १६० किलोमीटर. पूर्वीच्या गाड्यांत मोटारीला वीज पायऱ्यापायऱ्यांनी वाढवत नेत. प्रत्येक पायरीला उभ्या माणसाला हिसका. या गाडीत थायरिस्टर नावाची वस्तू होती. ती म्हणजे विजेची एक अतिशय चपळ झडप समजा. तिच्यामुळे जोर हळूहळू आणि सलग चढतो. गाडी दिसायला काही देखणी नव्हती. समोरून चपटी, थोडी खोक्यासारखी.

आणि दारे? प्रत्येक डब्याला प्रत्येक बाजूस दोन ठिकाणी सरकती जोडदारे. ती हवेच्या दाबाने चालत, आणि ती मोकळी करण्याची व लावण्याची कळ चालकाच्या हाताशी.

माझ्या मते या गाडीचा सगळा इतिहास या एका कळीत आहे. ही गाडी कागदावर रेखाटली गेली तेव्हाच तिच्यात गार्ड नसणार असे धरले गेले होते. वाटाघाटी व्हायच्या होत्या, सह्या व्हायच्या होत्या. पण नकाशात उत्तर लिहून झाले होते. मला यावरून माझ्या तरुणपणीचा एक प्रसंग आठवतो. मी ज्या कारखान्यात लागलो होतो तेथे एक नवे यंत्र आले. जुन्या यंत्रावर दोन माणसे असत. ‘नव्या यंत्रावर माणसे किती, ते आपण बसून ठरवू,’ असे साहेबांनी आम्हाला सांगितले. आम्ही मोठ्या उत्साहाने चर्चेला गेलो. वाटेत यंत्र पाहिले. यंत्रासमोर एकच खुर्ची होती, आणि ती जमिनीत बोल्टांनी बसवलेली होती.

पण गार्डाचे काम केवळ दारे पाहण्याचे नव्हते. त्याचे दुसरे काम अपघातप्रसंगीचे. गाडी मध्येच बंद पडली तर मागून येणाऱ्या गाडीला थोपवण्यासाठी गार्डाने लाल झेंडा वा दिवा घेऊन मैलभराहून अधिक मागे चालत जायचे आणि रुळावर फटाके बांधून ठेवायचे. वरून चाक गेले की ते फुटतात आणि मागच्या चालकाला धोका कळतो. शिवाय चालकाला काही झाले तर उतारूंना सांभाळणारा तोच. गार्ड काढायचा तर या प्रत्येक कामाला बदली काहीतरी हवे. ते शोधण्यात ब्रिटिश रेल्वेच्या इंजिनिअरांनी खरोखर कसूर केली नाही, हे मी युनियनचा माणूस असूनही कबूल करतो. सबंध मार्गावर रंगीत दिव्यांचे सिग्नल, आणि रुळातूनच वीज खेळवून कोणत्या तुकड्यावर गाडी उभी आहे हे आपोआप दाखवणारी व्यवस्था. त्यामुळे उभ्या गाडीच्या मागचा सिग्नल आपोआप लाल राहतो. फटाके घेऊन धावायला नको. लंडनमधल्या वेस्ट हॅम्पस्टेडला एकच मोठी सिग्नल केबिन, तेथून बेडफर्डच्याही पुढपर्यंतचा सगळा मार्ग दिसतो. चालकाच्या खोलीत रेडिओ, त्यावरून तो थेट त्या केबिनशी बोलतो. रेल्वेत हे त्या काळी नवेच होते. फलाटांवर चालकासाठी आरसे किंवा टेलिव्हिजनचे पडदे. दारे लागल्याखेरीज मोटारींना वीज मिळू नये अशी जोडणी. आणि चालकाच्या पायाखाली कळ. त्याचा पाय सुटला की ब्रेक लागतो.

म्हणजे एका माणसाची कामे पाच यंत्रांत वाटून दिली, आणि जे कोणत्याच यंत्रात बसले नाही ते चालकाच्या डोळ्यांवर टाकले. सकाळच्या गर्दीत आठ डब्यांच्या गाडीच्या कडेने शेकडो माणसे चढत-उतरत असताना ती सगळी पडद्यावर पाहायची, दारे लावायची, पुन्हा पाहायचे, सिग्नल पाहायचा आणि निघायचे. पुढच्या स्थानकावर पुन्हा तेच.

आता भांडणाकडे येतो. तिकडे रेल्वे कामगारांच्या मुख्य युनियना दोन होत्या. इंजिनचालकांची ‘ॲस्लेफ’, स्थापना १८८०. आणि गार्ड, पोर्टर, सिग्नलवाले वगैरे बाकी सगळ्यांची ‘एन.यू.आर.’, स्थापना १९१३. गार्ड एका युनियनमध्ये, चालक दुसऱ्या युनियनमध्ये. दोघांचे एकमेकांशी फारसे पटत नसे. चालक स्वतःला कसबी कारागीर समजत, आणि तसे ते होतेही. पण त्या अभिमानाच्या भिंतीपलीकडे गार्ड उभा होता. ज्यांनी एका दाराखाली दोन युनियना पाहिल्या आहेत त्यांना अधिक सांगत नाही.

ऑगस्ट १९८१ मध्ये पगारवाढीचा करार झाला. वाढीचा एक भाग, तीन टक्क्यांचा, उत्पादकतेशी जोडला गेला. रेल्वे बोर्डाने पुढे ठेवलेल्या यादीत होते: लवचिक पाळ्या, इंजिनात एकच माणूस, तिकीट तपासनीसाशिवायची मोकळी स्थानके, आणि बेडफर्ड मार्गावर गार्डाविना गाड्या. बोर्डाचे अध्यक्ष सर पीटर पार्कर. मागे मार्गारेट थॅचर यांचे सरकार. त्याचे म्हणणे सरळ होते, की जुन्या पद्धती सोडा, मग नव्या विद्युतीकरणाला पैसे मागा. एन.यू.आर.चे सरचिटणीस सिडनी वेघेल हे काही भित्रे गृहस्थ नव्हते. रेल्वे आधुनिक झाली नाही तर ती मरेल आणि तिच्याबरोबर कामगारही मरेल, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. म्हणून त्यांनी बोलणी करण्याचे मान्य केले. त्यांच्या युनियनमधल्या पुष्कळांना ते रुचले नाही. बोलायला बसणे म्हणजे गार्डाच्या जागेचा सौदा करणे, असे ते म्हणत.

चालकांचे भांडण वेगळेच होते. त्यांनी १९१९ साली आठ तासांचा दिवस मिळवला होता. लवचिक पाळी म्हणजे कधी सात तास, कधी नऊ तास. बोर्ड म्हणाले, सरासरी आठच पडते. चालक म्हणाले, आमच्या आजोबांनी सरासरी मागितली नव्हती, दिवस मागितला होता. बोर्डाने त्यांचे तीन टक्के रोखले आणि जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला. पुढे २८ जूनला एन.यू.आर.ने संप पुकारला. पण त्यांचे वार्षिक अधिवेशन प्लिमथला भरलेले होते, त्याने तो लगेच मागे घ्यायला लावून प्रश्न लवादाकडे नेला. आठवड्याभरात, ४ जुलैला, चालक पुन्हा बाहेर पडले. बोर्डाने सगळी रेल्वे बंद करण्याची आणि संपकऱ्यांना बडतर्फ करण्याची धमकी दिली. तेव्हा खुद्द मध्यवर्ती कामगार काँग्रेसच्या पुढाऱ्यांनीच चालकांना संप मागे घ्यायला सांगितले. दोन आठवड्यांत तो मोडला. आठ तासांचा दिवस गेला.

या सगळ्या धामधुमीत क्लास ३१७ च्या गाड्या उभ्या होत्या. उतारू जुन्या डिझेल गाड्यांतून, दारे आदळत, कामाला जात होते. शेजारच्या साइडिंगात झाकझूक नव्या गाड्या दिसत. वर्तमानपत्रांना याहून चांगले चित्र कोठे मिळणार? कामगारांच्या हट्टापायी जनतेचा पैसा गंजतो आहे, ही गोष्ट रोज छापता येत होती. ‘गाडीत गार्ड ठेवून उद्यापासून ती चालवा, बोलणी मागाहून करू,’ असाही मार्ग होता. तो बोर्डाने घेतला नाही. तसे केले असते तर दडपण राहिले नसते. उभी गाडी हे बोर्डाचे हत्यार होते, आणि युनियनला वाटत होते की ते आपले हत्यार आहे. माझ्या आयुष्यात अशी चूक मी स्वतः दोनदा केली आहे. यंत्र बंद ठेवले की मालक घाबरेल, असे आपण धरून चालतो. बंद यंत्र पाहून शेजारीपाजारीच आपल्याविरुद्ध जातात.

अखेर प्रश्न रेल्वेच्या राष्ट्रीय लवादापुढे गेला. अध्यक्ष लॉर्ड मॅकार्थी, ऑक्सफर्डचे विद्वान, औद्योगिक संबंधांतले नाणावलेले गृहस्थ. कौल गार्डाविना गाडीच्या बाजूने पडला. दरम्यान १९८२ च्या अखेरीस वेघेल यांनी राजीनामा दिला होता. पण तो या प्रश्नावर नव्हे, मजूर पक्षातल्या निवडणुकीत युनियनची मते त्यांनी ठरावाविरुद्ध टाकली म्हणून. त्यांच्या जागी १९८३ मध्ये जिमी नॅप आले. आणि त्याच १९८३ साली बेडफर्डहून क्लास ३१७ ची गाडी उतारू घेऊन निघाली. पुढे एक माणूस. मागे कोणी नाही. लांब पल्ल्याच्या मोठ्या रेल्वेमार्गावर अशा रीतीने चालणारी ब्रिटनमधली ही पहिली महत्त्वाची सेवा. चालकाला एकट्याने गाडी नेण्याचा जादा भत्ता मिळू लागला. गार्डाच्या पगारातले थोडे चालकाच्या खिशात गेले, बाकीचे बोर्डाच्या तिजोरीत; आणि दोन्ही युनियनांना एकत्र बांधणारा धागा त्या भत्त्याने कापला गेला तो गेलाच.

एकदा एका मार्गावर झाले की ते तेथेच थांबत नाही. १९८५ साली ग्लासगोच्या बाजूला हाच प्रयोग आला. तेथले गार्ड परवानगीवाचून कामावरून बाहेर पडले, तेव्हा दोनशेहून अधिक जणांना बडतर्फ केले गेले. नव्या कायद्याप्रमाणे देशभरच्या गार्डांचे गुप्त मतदान घेतले गेले, आणि संपाविरुद्धची मते थोडक्यात जास्त भरली. गार्डांनीच गार्डांच्या संपाला नकार दिला. त्यानंतर लंडनच्या भोवतालच्या लोकलमार्गांवर एकामागून एक गार्ड नाहीसा होत गेला.

मग या गाडीचे पुढे काय झाले? ते थोडक्यात सांगतो. १९८५ ते ८७ या काळात आणखी २४ संच बांधले, ते मुख्यतः किंग्ज क्रॉसहून उत्तरेकडे जाणाऱ्या मार्गासाठी. १९८८ साली लंडनच्या पोटातला स्नो हिलचा जुना बोगदा पुन्हा उघडून उत्तर आणि दक्षिण लंडन जोडले गेले. त्या ‘थेम्सलिंक’ सेवेला वरची तार आणि तिसरा रूळ या दोन्हींवर चालणारी गाडी हवी होती, तेव्हा क्लास ३१७ ला बेडफर्ड मार्ग सोडावा लागला. ज्या मार्गासाठी तिने एवढे महाभारत घडवले त्यावर ती जेमतेम पाच वर्षे राहिली. पुढे यूस्टन, टिलबरी, केंब्रिज असा तिचा संसार फिरत राहिला. नव्वदीत रेल्वेचे खाजगीकरण झाले तेव्हा गाड्या भाड्याने देणाऱ्या तीन कंपन्या निर्माण केल्या गेल्या. गाडी एकाची, चालवणारा दुसरा, रूळ तिसऱ्याचे. जनतेच्या पैशाने बांधलेली गाडी जनतेलाच भाड्याने, असा हा प्रकार. नऊ संचांचे तोंड बदलून, गाद्या बसवून ते स्टॅन्स्टेड विमानतळाला जाण्यासाठी सजवले गेले. २०१५ नंतर काही संच लंडन ओव्हरग्राउंडच्या रंगात चिंगफर्डकडे धावले. जुलै २०२२ मध्ये या वर्गाची शेवटची गाडी उतारूंना घेऊन धावली, आणि मग बहुतेक संच भंगारात गेले. चाळीस वर्षे म्हणजे लोकलगाडीला काही थोडके आयुष्य नव्हे.

आपण विचाराल, की शेवटी खरे कोणाचे ठरले? गार्डाविना माणसे मेली काय? मी येथे भावनेच्या भरात काही सांगणार नाही. गार्ड असला म्हणजे अपघात होत नाही असे नाही. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी लंडनच्या मूरगेट स्थानकात भुयारी गाडी थांबायच्या ऐवजी भिंतीवर आदळली आणि ४३ माणसे मेली. त्या गाडीला गार्ड होता. २०१७ साली तिकडच्या रेल्वे नियामकाने असा निर्वाळा दिला, की साधने योग्य असली, पद्धत नीट आखलेली असली आणि माणसे शिकलेली असली तर चालकाने एकट्याने दारे लावणे सुरक्षित आहे. हे वाक्य मी नाकारीत नाही. फक्त त्यातल्या तीन ‘तर’कडे बोट दाखवतो.

कारण २०१५ च्या जुलैमध्ये लंडनच्या पश्चिमेस हेज अँड हार्लिंग्टन स्थानकात एका बाईंचा हात लागत्या दारात अडकला. गाडी क्लास ३१७ नव्हती, पण पद्धत तीच होती. दारे लागली, चालकाला दिवा मिळाला, गाडी निघाली आणि बाई फलाटावरून फरफटत गेल्या. चौकशीत जे निघाले ते प्रत्येक यंत्रावर काम करणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. दारे लागल्याचा दिवा पेटला म्हणजे दारात काही अडकलेले नाही, असे चालक धरून चालत होता. वस्तुतः तसे नाही. हात, बोटे, पिशवीचा पट्टा अशा बारीक वस्तू रबरी कडांत दबतात आणि दिवा तरीही पेटतो. दिवा सांगतो की दार लागले; फलाटावर काय चालले आहे ते तो सांगत नाही. ते पाहायला डोळा लागतो, आणि तो डोळा त्या क्षणी मोकळा असावा लागतो.

याच मुद्द्यावर २०१६ च्या एप्रिलपासून दक्षिण लंडनच्या ‘सदर्न’ मार्गावर पुन्हा संप पेटला. एन.यू.आर.चे आता आर.एम.टी. झाले होते. या खेपेला चालकांची ॲस्लेफ गार्डांच्या बाजूने उभी राहिली; डिसेंबरात चालकांनी गाड्या बंद पाडल्या. मला वाटले, आता तरी दोघे एक झाले. पण २०१७ च्या नोव्हेंबरात ॲस्लेफने पाच वर्षांच्या पगारवाढीचा वेगळा करार केला. गाडीत दुसरा माणूस राहिला, पण गार्ड म्हणून नव्हे. तो तिकिटे पाहतो, अपंगांना हात देतो. दाराची कळ त्याच्याकडे नाही, आणि काही प्रसंगी त्याच्यावाचून गाडी सुटू शकते. ‘त्याच्यावाचून गाडी सुटू शकते’ हे चार शब्द एकदा करारात आले की त्या माणसाचे वजन किती उरते, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा.

आणि बेडफर्डचा मार्ग? तेथे २०१६ पासून क्लास ७०० च्या गाड्या आल्या, आठ आणि बारा डब्यांच्या. २०१८ पासून त्या सेंट पँक्रस ते ब्लॅकफ्रायर्स या मधल्या टप्प्यात आपोआप धावतात. वेग संगणक धरतो, ब्रेक संगणक लावतो, गाडी फलाटावर नेमकी जागच्या जागी थांबते. चालक खोलीत बसलेला असतो. पडद्यावर तो फलाट पाहतो, उतारू चढले-उतरले की दारे लावतो, पुन्हा एकदा पाहतो, आणि गाडी सोडण्याची कळ दाबतो.